तरंगणारे डोंगर : पंडिता रमाबाई आणि मूर्तिपूजेचा प्रश्न



दहा आज्ञांपैकी दुसरी आज्ञा तुम्हाला पाठ असेल. कोरीव मूर्ती करू नये, तिच्यापुढे नमू नये. आपल्या घरात मूर्ती नाही, म्हणून ही आज्ञा आपण पाळतोच असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. पण ही आज्ञा एवढ्यावर संपते का? या प्रश्नाचे उत्तर शोधताना पंडिता रमाबाईंचे आयुष्य आपल्याला फार मदत करते. त्यांनी हा प्रश्न पुस्तकातून नव्हे, तर उपाशीपोटी आणि अनवाणी पायांनी सोडवला.

तीर्थयात्रेतले बालपण

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. लोकांचा विरोध पत्करून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी रमेला शिकवले. आश्रमातल्या आदरातिथ्यापायी कर्ज झाले, घर सुटले आणि हे कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरू लागले.

पुढे दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला. मजुरी करणे त्यांच्या रीतीत बसत नव्हते. देवच वाट दाखवील या विश्वासाने त्यांनी स्नाने, उपास, प्रदक्षिणा आणि दानधर्म सुरूच ठेवला. दागिने गेले, चांदीची आणि तांब्या-पितळेची भांडी गेली. शेवटी रानातील पाने आणि पाणी यांवर दिवस निघू लागले. 1874 मध्ये वडील गेले, मागोमाग आई आणि थोरली बहीणही गेली. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास.

या माणसांच्या भक्तीला हसू नका. त्यांच्याइतकी निष्ठा आपल्यापैकी किती जणांकडे आहे? रमाबाईंनी आईवडिलांविषयी नेहमी प्रेमाने आणि आदरानेच लिहिले. पण त्यांच्या मनात एक प्रश्न घर करून बसला : सर्वस्व दिल्यावरही जो ऐकत नाही, तो खरोखर आहे का?

तलावावरची सकाळ

बहीणभाऊ चालत चालत उत्तरेपर्यंत गेले. काश्मीरच्या बाजूला झेलमच्या काठी थंडीपासून वाचण्यासाठी त्यांनी वाळूत खड्डे करून त्यात रात्री काढल्या. हिमालयातील एका तलावावर सात डोंगर तरंगतात आणि पुण्यवान माणसाकडे ते आपणहून सरकत येतात, असे त्यांनी ऐकले होते. पुजाऱ्यांनी बजावले : पाण्यात उतरू नका, सुसरी आहेत. श्रीनिवास मात्र भल्या पहाटे, कोणी नसताना, पोहत तिथवर गेला. ते डोंगर म्हणजे तराफ्यांवर थापलेला चिखल आणि त्यात लावलेली झाडे होती. यात्रेकरूंनी पैसे देऊन प्रार्थना केली की मागे लपलेल्या होडीतून कोणीतरी तराफा पुढे ढकलत असे.

बायबलमधील संदेष्ट्यांची तक्रार नेमकी हीच आहे. यशया सांगतो, एकाच लाकडाच्या अर्ध्या भागावर माणूस भाकरी भाजतो आणि उरलेल्या अर्ध्याचा देव करून त्याला नमतो. जो आपल्याला घडवतो तो देव. ज्याला आपण घडवतो आणि मागून ढकलतो तो देव कसा होईल?

जिवंत प्रतिमा

1878 मध्ये दोघे कलकत्त्याला पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. 1880 मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. सिलचरच्या घरातील ग्रंथसंग्रहात त्यांना बंगालीतील लूकचे शुभवर्तमान सापडले. 1882 मध्ये पती गेले आणि लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्याला आल्या.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथे ख्रिस्ती भगिनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांची मायेने सेवा करतात, हे त्यांनी पाहिले. असे का, हे विचारल्यावर त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथे बायबलमधील मूर्तिनिषेधाचे खोल कारण दिसते. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात देवाने स्वतःची प्रतिमा घडवली आहे आणि ती प्रतिमा म्हणजे माणूस. म्हणून दगडाला वस्त्रे नेसवून विधवेला उघडे ठेवणे हा खऱ्या प्रतिमेचा अपमान ठरतो. संदेष्टे मूर्तिपूजेवर कोरडे ओढतात, त्याच तोंडाने अनाथ आणि विधवा यांच्यावरील अन्यायाविषयीही बोलतात, ते यामुळेच.

धर्माचीही मूर्ती होते

कथा इथे संपली असती, तर ती फक्त दुसऱ्यांच्या चुकांची कथा झाली असती. पण रमाबाई चर्चमध्येही डोळे मिटून बसल्या नाहीत. क्रुसावरील लॅटिन अक्षरांचा विषय निघाला तेव्हा संस्कृतात नसलेले असे काय लॅटिनमध्ये आहे, असे त्यांनी विचारले. देवाने दिलेली सद्सद्विवेकबुद्धी धर्माधिकाऱ्यांच्या हाती सोपवायला त्या तयार नव्हत्या.

आणि बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांनी स्वतःविषयी त्याहून कठीण कबुली दिली : आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. थोडक्यात, आपण पुन्हा तराफ्यालाच डोंगर समजलो होतो.

मोशेने देवाच्या सांगण्यावरून उभारलेला पितळी साप आठवा. त्याच्याकडे पाहून लोक वाचले होते. पुढे लोक त्याच सापापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडला. देवाने दिलेली वस्तूसुद्धा देवाच्या जागी बसली की मूर्ती होते.

आपल्या मूर्ती

भारतात परतल्यावर 11 मार्च 1889 रोजी रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुलींना व बायकांना घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातील केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1900 च्या सुमारास जवळजवळ दोन हजार स्त्रिया व मुले होती. ज्या दुष्काळाने आईवडील नेले, त्याला त्यांनी असे उत्तर दिले. उत्तरायुष्यात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी खेड्यातल्या बाईलाही कळेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. 1921 मध्ये मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनीही देह ठेवला.

आता तुमच्या-माझ्याकडे वळू या. यहेज्केल संदेष्टा मनात बसवलेल्या मूर्तींविषयी बोलतो. पौल तर लोभालाच मूर्तिपूजा म्हणतो. तुमचा दिवस कोणाला हात जोडून सुरू होतो? मोबाईलच्या पडद्याला? बँकेतल्या आकड्याला? मुलांच्या गुणपत्रिकेला? एखाद्या नेत्याला, पक्षाला, जातीला? की आपल्याच संस्थेला आणि तिच्या प्रमुखाला, ज्यांच्याविषयी प्रश्न विचारणे आपण पाप समजतो?

ओळखण्याची खूण सोपी आहे. ज्याच्यासाठी तुम्ही जिवंत माणसाचा बळी द्यायला तयार होता, ती तुमची मूर्ती. नोकरीसाठी घरच्यांचा, प्रतिष्ठेसाठी मुलीच्या सुखाचा, संघटनेच्या नावासाठी सत्याचा.

म्हणून या आठवड्यात शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याकडे बोट दाखवू नका. श्रीनिवाससारखे पहाटे उठा, स्वतःच्या मनाच्या तलावात उतरा आणि तिथले डोंगर मागून कोण ढकलत आहे, ते पाहून या. सुसरींची भीती घालणारे भेटतील, तरीही उतरा. खरा देव तपासला जाण्याला भीत नाही.