रणनौकेवरील कुंचला

पैठणीच्या पदरावर मोर उमटविणारा येवल्याचा विणकर कारागीर की कलावंत, हा वाद मागावर बसणाऱ्याचा नव्हे. एरिक रॅव्हिलियस या इंग्रज चित्रकारानेही हा भेद कधी पाळला नाही.

१९०३ साली लंडनमध्ये जन्मलेला रॅव्हिलियस ईस्टबोर्न या समुद्रकाठच्या गावी वाढला. रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकल्यावर त्याने लाकडी ठसे कोरले, वेजवुडच्या चिनी मातीच्या भांड्यांसाठी नक्षी रेखाटली. ‘विस्डेन’च्या मुखपृष्ठावर १९३८ पासून अनेक दशके झळकलेले क्रिकेटपटूंचे चित्र त्याचेच. पत्नी टर्झा हीदेखील ठसेकोरणीत निष्णात होती.

महायुद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश सरकारने चित्रकारांना पगारी नेमणुका दिल्या. रॅव्हिलियसला मानद कॅप्टनचा हुद्दा देऊन नौदलाकडे धाडण्यात आले. १९४० च्या उन्हाळ्यात ‘हायलँडर’ या विनाशिकेवरून तो नॉर्वेच्या किनाऱ्याकडे गेला. मध्यरात्रीही न मावळणारा सूर्य, थंडगार समुद्र आणि त्यात लहानशा भासणाऱ्या युद्धनौका त्याने फिकट जलरंगांत टिपल्या.

या चित्रांत रक्त नाही, आक्रोश नाही. युद्धाची भीषणता त्याने सौम्य केली, असा आक्षेप म्हणूनच घेता येतो. परंतु त्याने रंगविलेली ‘ग्लोरियस’ ही विमानवाहू नौका त्याच वर्षी ८ जून रोजी सोबतच्या दोन विनाशिकांसह बुडाली. दीड हजारांहून अधिक माणसे प्राणास मुकली. हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला तो शांत समुद्र शांत वाटत नाही. जे नष्ट होणार ते आधी नीट पाहून ठेवणे, हेही युद्धाचे सत्य सांगणेच होय.

पुढे त्याने पाणबुड्यांचे अंतरंग शिलामुद्रणांत उतरविले. न्यूहेवन व डोव्हर येथील किनारी तटबंदी रंगविली. १९४२ च्या ऑगस्टअखेर तो आइसलँडला पोहोचला. एक विमान बेपत्ता झाले होते. २ सप्टेंबर रोजी त्याच्या शोधार्थ निघालेल्या विमानांपैकी एकात तो बसला. ते विमान परतलेच नाही. वय अवघे ३९. मागे आजारी पत्नी आणि तीन मुले राहिली.

सरकारी वेतनावर काढलेली चित्रे केवळ प्रचारापुरतीच उरतात, ही समजूत रॅव्हिलियसने खोटी ठरविली. नेमून दिलेले काम त्याने प्रामाणिकपणे केले आणि आपली दृष्टी मात्र कोणाच्या स्वाधीन केली नाही. चाकरी करणाऱ्या प्रत्येकाने मनाशी बाळगावा असाच हा धडा आहे.