कोटितीर्थाचा चित्रकार

कोल्हापूर ही कलावंतांची नगरी. तेथील चित्रकारांत आबालाल रहिमान यांचे स्थान फार वरचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच नगरीत त्यांचा जन्म झाला. कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करून त्या सजविण्याची कला त्यांच्या घराण्यात चालत आली होती. त्यामुळे रेषेचे आणि रंगाचे संस्कार त्यांच्यावर बालपणीच झाले. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्यांनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले आणि व्हाइसरॉयचे पदक मिळविले.

मुंबईत राहते, तर त्यांना धन आणि मान यांची वाण पडली नसती. परंतु आबालाल कोल्हापुरास परतले. शाहू महाराजांनी त्यांना राजाश्रय दिला. तरीही दरबाराच्या थाटामाटात त्यांचे मन रमले नाही. कोटितीर्थ तळ्याच्या काठी ते एखाद्या विरक्ताप्रमाणे राहू लागले. समोरचे पाणी हाच त्यांचा सोबती झाला.

पाणी आपल्याला निळे वाटते. पण त्याला स्वतःचा रंग असा जवळजवळ नसतोच. पहाटेच्या धुक्यात ते करडे दिसते, सूर्योदयी त्यावर केशरी छटा उमटते, भर दुपारी ते चकाकते आणि तिन्हीसांजेला काठावरच्या झाडांच्या सावल्या पोटात घेऊन गंभीर होते. हे पालटते रूप आबालालांनी आपल्या रंगांत साठविले. कोटितीर्थ, रंकाळ्यातील संध्यामठ, पंचगंगेचा घाट अशी नित्य परिचयाची स्थळे त्यांनी रंगविली. त्यांच्या चित्रांत गजबज नाही. प्रकाश आणि छाया यांचा मेळ असा साधलेला असतो, की पाहणाऱ्याचे मनही त्या पाण्यासारखे शांत व्हावे.

१९२२ साली शाहू महाराज निवर्तले. आपल्या कलेची कदर करणारा राजा गेला, हे दुःख आबालालांना सहन झाले नाही. त्या शोकावेगात त्यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात बुडविली, असे सांगतात. ज्या पाण्याने त्यांना चित्रे दिली, त्याच पाण्याला त्यांनी ती परत केली!

१९३१ साली आबालालांचे देहावसान झाले. त्यांच्या मागे थोडीच चित्रे उरली. पण तेवढ्यांवरूनही त्यांची थोरवी कळते. कोल्हापूरच्या पुढील चित्रकारांनी त्यांच्यापासून स्फूर्ती घेतली. सौंदर्य शोधण्यासाठी आबालाल दूरदेशी गेले नाहीत. घराजवळचे तळे त्यांनी जन्मभर मन लावून पाहिले. आपल्या गावच्या तळ्याकडे अशा दृष्टीने पाहणे आपल्यालाही अशक्य नाही.