आनंदीबाईंचं लुगडं

मैत्रिणींनो, डॉक्टर आनंदीबाई जोशी हे नाव आपल्याला शाळेच्या पुस्तकापासून माहीत आहे. अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेली पहिली मराठी बाई, लहान वयात लग्न, लहान वयातच मृत्यू. परीक्षेला एवढं पाठ केलं की झालं! पण त्या परक्या मुलखात काय नेसत होत्या, कशा वावरत होत्या, हे कुणी सांगत नाही. ते वाचलं तेव्हा मला वाटलं, ही गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. कारण कपड्यांवरून बाईला जोखणं आजही संपलेलं नाही, आणि या अठरा वर्षांच्या पोरीनं त्यातून जी वाट काढली ती फार शहाणपणाची होती.

त्यांचं माहेरचं नाव यमुना. जन्म ३१ मार्च १८६५. माहेर कल्याणचं. नवव्या वर्षी लग्न झालं ते गोपाळराव जोशी या पोस्टात नोकरी करणाऱ्या बिजवराशी. वयात अंतर खूप. गोपाळराव मोठे विक्षिप्त. बायकोला शिकवायचंच हा त्यांचा ध्यास, आणि शिकली नाही तर मारायलाही कमी करायचे नाहीत. स्वयंपाकघरात रमलेली दिसली की त्यांचं डोकं फिरायचं. आपल्याकडे बाई स्वयंपाक करत नाही म्हणून मार खाते, यमुना करते म्हणून खायची! त्यांना सुधारक म्हणून डोक्यावर घ्यावं की काय म्हणावं, मला अजून ठरवता आलेलं नाही. चौदाव्या वर्षी बाळंतपण झालं आणि मुलगा दहा दिवसांत गेला. बाईला तपासायला बाईच डॉक्टर हवी, ही गोष्ट तेव्हापासून आनंदीबाईंच्या मनात घट्ट बसली.

गोपाळरावांची बदली होईल तिकडे संसार. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, मग थेट कलकत्ता आणि श्रीरामपूर, म्हणजे बंगालमधलं सेरामपूर. आणि गंमत बघा, कपड्यांचा त्रास अमेरिकेत नाही, आपल्याच देशात सुरू झाला. मुंबईत आनंदीबाई शाळेत जायच्या तेव्हा पायात बूट-मोजे, हातात पुस्तकं. लुगडं आपलं नऊवारीच. पण त्या काळी चांगल्या घरच्या बाईनं पायात जोडा घालणं म्हणजे उद्धटपणा. जोडा आणि छत्री ही पुरुषांची मिरवायची वस्तू! लोक रस्त्यात थांबून हसायचे, खडे मारायचे, दुकानदार ओट्यावरून खाणाखुणा करायचे. बंगालात गेल्यावर तर आणखीच. तिथल्या घरंदाज बायका पडद्यात. नवऱ्याच्या बरोबरीनं रस्त्यानं पायी चालणारी बाई त्यांच्या दृष्टीनं चांगली असणंच शक्य नव्हतं. म्हणजे मुंबईत पायातल्या जोड्यानं अब्रू गेली आणि कलकत्त्यात उघड्या तोंडानं. बाई तीच, लुगडं तेच, गाव बदललं की तिची किंमत बदलायची.

मी बचत गटांच्या कामानं आपल्या सेनगाव तालुक्यात हिंडते, तेव्हा हे रोज दिसतं. बाजाराच्या दिवशी उभं राहून बघा. काष्ट्याचं लुगडं नेसलेली म्हातारी, तांड्यावरची आरशांच्या कांचळीतली बंजारा मावशी, बुरख्यातली शेजारीण, पंजाबी ड्रेसमधली कॉलेजची पोरगी, सगळ्या एकाच भाजीवालीशी घासाघीस करत असतात. आपल्या आज्या शेतात काष्टा खोचून पोटरीभर चिखलात उभ्या राहायच्या, त्यात कुणाला काही वाटायचं नाही. पण सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर घसरला की घरात महाभारत! लाज अंगाच्या कुठल्या भागाची धरायची, हे ज्या त्या समाजानं आपलं आपलं ठरवलेलं असतं.

आनंदीबाईंच्या वाट्याला हाच पेच समुद्रापार आला.

गोपाळरावांनी एका अमेरिकन पाद्र्याला बायकोच्या शिक्षणासाठी पत्र लिहिलं होतं. पाद्र्यानं ते आपल्या मासिकात छापलं. न्यूजर्सीतल्या रोसेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दातांच्या डॉक्टरकडे गेल्या असता तिथं पडलेलं ते मासिक त्यांनी चाळलं आणि ओळख ना पाळख असलेल्या या मुलीला त्यांनी पत्र धाडलं. पत्रं वाढत गेली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. पुढं अमेरिकेत हीच मावशी त्यांची आई झाली.

जायचं ठरलं तेव्हा गावात गहजब झाला. हिंदू बाई एकटी समुद्र ओलांडणार, म्हणजे बाटणार, ख्रिस्ती होणार, गाऊन घालून परत येणार! तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ ला सेरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई स्वतः उभ्या राहिल्या आणि भरल्या सभेत इंग्रजीतून बोलल्या. का जाणार, एकटीच का, जातीतून काढलं तर काय, एकेक प्रश्न घेऊन उत्तरं दिली. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, राहणी आणि चालरीत सोडणार नाही, असा शब्द त्यांनी दिला. अठराव्या वर्षी! मी त्या वयात चार बायकांसमोर उखाणा घ्यायला घाबरत होते.

७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोट निघाली. दागिने मोडून पैसा उभा केलेला. नवरा बरोबर नाही, सोबत मिशनच्या बायका. जूनच्या सुरुवातीला न्यूयॉर्कचं बंदर आलं आणि मावशीनं पोरीला घरी नेलं.

आता प्रश्न आला लुगड्याचा. शब्द तर दिलेला, राहणी सोडणार नाही म्हणून. पण नऊवारीत काष्ट्यामुळं पोटऱ्या उघड्या राहतात. आणि त्या वेळच्या अमेरिकेत बाईचा पाय दिसणं म्हणजे महाभयंकर! तिथले झगे टाचेपर्यंत. कंबर मात्र ताठ कमरपट्ट्यात अशी आवळलेली, की श्वास घेणं मुश्कील. रात्रीच्या मेजवानीला त्याच बायका गळा-खांदे उघडे टाकलेला झगा घालून यायच्या आणि त्यात कुणाला काही गैर दिसायचं नाही. आपल्या डोळ्यांना तो बेशरमपणा, त्यांच्या डोळ्यांना आपली उघडी पोटरी बेशरमपणा. शिवाय तिकडची थंडी. फिलाडेल्फियाच्या बर्फात उघड्या पोटऱ्यांनी हिंडायचं कसं?

आनंदीबाईंनी झगा घातला नाही, आणि हट्टानं नऊवारीही धरून ठेवली नाही. त्या गुजराती पद्धतीनं साडी नेसू लागल्या, घोळदार, पाय झाकणारी, पदर उजव्या खांद्यावरून पुढं. वर लांब बाह्यांचं अंगभर पोलकं. थंडीची सोय झाली, यजमानांच्या डोळ्यांना खुपेल असं काही उरलं नाही, आणि आपला वेशही सुटला नाही. कपाळावरचं कुंकू तर कधीच गेलं नाही. भूजला राहिल्याचा इथं उपयोग झाला असेल, हा आपला माझा अंदाज, बरं का. पाहुणी म्हणून गेल्यावर घरच्यांना अवघडल्यासारखं होणार नाही एवढं बघायचं, पण स्वतःला पुसून टाकायचं नाही. आपण लेकीला सासरी पाठवताना हेच नाही का सांगत?

आणि हे एकतर्फी नव्हतं, हे मला फार आवडतं. मावशीच्या घरी आनंदीबाईंनी एकदा आपल्या पद्धतीची पंगत घातली. स्वतः रांधलं. अमेरिकन पाहुणे जमिनीवर मांडी घालून बसले, हातानं जेवले, आणि तिथल्या बायकांना त्यांनी साड्या नेसवल्या! कल्पना करा, त्या गोऱ्या गोऱ्या बाया निऱ्या सावरत पानावर बसल्यात. ज्यांनी आपल्यासाठी एवढं केलं त्यांना आपलं घर दाखवायचं, तर दुसरं काय करणार? ज्यांच्या डोळ्यांना पोटरी चालत नव्हती त्यांनीच लुगड्याला हात लावला, तो हौसेनं.

फिलाडेल्फियाचं वुमन्स मेडिकल कॉलेज खास बायकांचं. तिथं रेचल बॉडले नावाच्या डीनबाई होत्या. ऑक्टोबर १८८५ मध्ये त्यांच्याकडच्या समारंभाला काढलेला एक फोटो आजही पुस्तकांतून बघायला मिळतो. तीन मुली एका ओळीत. आनंदीबाई साडीत, जपानच्या केई ओकामी किमोनोत, आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली आपल्या देशाच्या भरजरी पोशाखात, कपाळावर लोंबते दागिने. तिघी तीन धर्मांच्या, तीन भाषांच्या, शिकायला आल्या एकाच बाकावर. त्याच सुमारास, १८८६-८७ मध्ये, जपानच्या राजदरबारातल्या बायका किमोनो सोडून युरोपी झगे घालू लागल्या होत्या, आणि महाराणीनंही त्याला उत्तेजन दिलं होतं. दरबारातल्या बाया झग्यात आणि अमेरिकेत शिकणारी ओकामी किमोनोत! पुढं ती टोकियोला जाऊन दवाखान्यात काम करू लागली, पण बाई म्हणून बादशहानं तिची भेट घ्यायचं नाकारलं तेव्हा तिनं नोकरीच सोडली. त्या फोटोतल्या तिघींपैकी डॉक्टर म्हणून सर्वात आधी बाहेर पडल्या त्या आनंदीबाई.

११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली. त्यांच्या नात्यातल्या पंडिता रमाबाई या समारंभासाठी इंग्लंडहून गेल्या होत्या. प्राचीन हिंदूंचं बाळंतपणशास्त्र हा विषय घेऊन आनंदीबाईंनी प्रबंध लिहिला होता. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डाच्या प्रमुख म्हणून नेमणूकही झाली.

पण शरीर खचलं होतं. कॉलेजातल्या खोलीची शेगडी धूर करायची, विझवली की थंडी. खाणं शाकाहारी, तेही धड मिळायचं नाही. मला नेहमी वाटतं, साडीचा प्रश्न त्यांनी सोडवला, जेवणाचा त्यांना सुटला नाही. नेसण्यात बदल करता आला, पोटात मात्र ती मुभा त्यांनी स्वतःला दिली नाही. यावर कुणी त्यांना हट्टी म्हणेल. म्हणू दे. गावानं एवढा शब्द घेतला होता, तर पोरीनं करावं तरी काय? क्षयानं धरलं. १८८५ मध्ये गोपाळराव अमेरिकेत पोचले तेव्हा तब्येत ढासळायला लागली होती.

नोव्हेंबर १८८६ मध्ये दोघं मुंबईला उतरले. लोकांनी स्वागत केलं. ज्यांनी नावं ठेवली होती तेही बघायला आले, ही बाटून आली की काय म्हणून. समोर होती साडीतली, कुंकू लावलेली, खंगलेली बाई. कोल्हापूरला कामावर जाणं झालंच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं.

त्यांची चरित्रं लवकरच निघाली. १८८८ मध्येच कॅरोलिन डॉल या अमेरिकन बाईंनी इंग्रजीत लिहिलं, मराठीत काशीबाई कानिटकरांनी. श्री. ज. जोशींची आनंदी गोपाळ ही कादंबरी तुमच्यापैकी पुष्कळजणींनी वाचली असेल, २०१९ चा सिनेमाही पाहिला असेल. तालुक्याच्या वाचनालयात मिळालं तर काशीबाईंचं पुस्तक मुद्दाम वाचा, बाईनं बाईबद्दल लिहिलेलं आहे.

गोपाळरावांनी बायकोच्या अस्थी कार्पेंटर मावशीकडे पाठवल्या. मावशीनं त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी आपल्या घराण्याच्या जागेत, आपल्याच माणसांच्या शेजारी ठेवल्या. वर दगड बसवला. शिक्षण घ्यायला देशाबाहेर पडलेली ही पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाची ओळ त्यावर कोरलेली आहे. ख्रिस्ती लोकांच्या त्या दफनभूमीत ते मराठी नाव आजही आहे.