काळ्या वेशातील वधूचा जन्मदाता

१९४० साली न्यूयॉर्कच्या सायमन अँड शुस्टर या प्रकाशनसंस्थेने 'द ब्राइड वोअर ब्लॅक' नावाची एक रहस्यकादंबरी प्रसिद्ध केली. तिच्यात एक देखणी, अनोळखी स्त्री एकेका पुरुषाच्या आयुष्यात अलगद शिरते आणि त्याला संपवून नाहीशी होते. पहिल्याला ती उंच इमारतीवरून खाली लोटते, दुसऱ्याला मद्यातून विष देते. तिसरा संसारी गृहस्थ. त्याच्या लहानग्या मुलाच्या शिक्षिकेचे सोंग घेऊन ती घरात शिरते, जिन्याखालच्या अडगळीत त्याला कोंडते आणि दाराच्या फटी बुजवून टाकते. चौथा चित्रकार. त्याच्यासमोर मृगयादेवता डायनाच्या रूपात धनुष्य ताणून उभी असताना तिच्या हातून खराच बाण सुटतो. या माणसांना जोडणारा धागा पोलिसांना सापडत नाही. तो वाचकाच्या हाती लागतो तोही फार उशिरा. विवाहविधी आटोपून चर्चच्या पायऱ्या उतरत असतानाच या स्त्रीचा पती तिच्या डोळ्यांदेखत मरण पावलेला असतो. त्याच वेळी तेथून गेलेल्या एका मोटारीतील माणसांना ती त्या मृत्यूचे अपराधी मानते. ज्युली नावाची ती वधू क्षणार्धात विधवा होते आणि पुढचे सारे आयुष्य या माणसांना शोधून काढण्यात घालवते.

रहस्यकथेचा शेवट सांगू नये, असा संकेत आहे. परंतु ऐंशीहून अधिक वर्षे उलटल्यावर तो मोडण्यास हरकत नसावी, कारण या कादंबरीचे खरे मोल शेवटातच आहे. ज्या माणसांना तिने मारले, त्यांचा त्या मृत्यूशी काही संबंधच नव्हता. गोळी झाडणारा वेगळाच होता आणि त्यामागचे कारण पतीच्या पूर्वायुष्यात दडलेले होते. सूड पुरा होत आला असताना तो निरपराध्यांवर उगवला गेल्याचे तिला कळते.

हा शेवट लिहिणाऱ्याचे नाव कॉर्नेल वुलरिच. न्वार, म्हणजे काळ्या, या फ्रेंच शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या गुन्हेगारी साहित्याच्या प्रवर्तकांत डॅशिअल हॅमेट आणि रेमंड चँडलर यांच्या बरोबरीने त्याची गणना होते. मात्र हॅमेट स्वतः खासगी गुप्तहेर होता आणि चँडलरचा नायकही गुप्तहेरच. वुलरिचच्या कथांत असा खंबीर माणूस बहुधा नसतोच. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा धनंजय यांच्यावर वाढलेल्या आपल्या वाचकाला तर हे जग फारच परके वाटेल. तेथे शेवटच्या पानावर सगळे पूर्ववत होते. वुलरिचच्या जगात पूर्ववत असे काही उरलेलेच नसते.

त्याचा जन्म ४ डिसेंबर १९०३ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील स्थापत्य अभियंता, आई क्लेअर सुखवस्तू घराण्यातील. आईवडिलांचे पटले नाही. ते विभक्त झाले आणि बालपणाची काही वर्षे कॉर्नेल वडिलांबरोबर मेक्सिकोत राहिला. तेथे त्या काळी क्रांतीची धुमश्चक्री चालू होती. इतर मुले गोट्या जमवतात, त्याप्रमाणे हा मुलगा झाडलेल्या काडतुसांची रिकामी टरफले जमवीत असे. आठव्या वर्षी आजोबांनी त्याला मेक्सिको सिटीत पुचिनीचे 'मादाम बटरफ्लाय' हे संगीतनाट्य दाखवले. विश्वासघात, प्रतीक्षा आणि आत्मनाश यांची ती कथा त्याच्या मनात खोल रुतली. अकराव्या वर्षी एका रात्री अनाहुआकच्या पठारावर ताऱ्यांकडे पाहत असताना आपणही एक दिवस मरणार, ही जाणीव त्याला प्रथम झाली आणि मग तिने त्याचा पिच्छा सोडला नाही, असे त्याने आत्मकथनात नोंदवले आहे. वुलरिच स्वतःविषयीचा फारसा भरवशाचा साक्षीदार नव्हे, पण हा क्षण तरी खरा मानावा असे त्याचे सारे लेखन सांगते.

किशोरवयात तो न्यूयॉर्कला आईकडे, आजोबांच्या घरी परतला. १९२१ मध्ये कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. तेथे असताना आजारपणामुळे काही आठवडे अंथरुणाला खिळून राहावे लागले आणि त्या सक्तीच्या विश्रांतीत त्याने लिहायला घेतले. १९२६ साली पहिली कादंबरी प्रसिद्ध होताच त्याने पदवी न घेता विद्यापीठ सोडले. त्याचा आदर्श होता स्कॉट फिट्झजेराल्ड, आणि विषय जॅझयुगातील तरुणाई. १९२७ च्या दुसऱ्या कादंबरीला दहा हजार डॉलरचे पारितोषिक मिळाले, तिच्यावर चित्रपट निघाला आणि तो हॉलिवूडला जाऊन पोहोचला. तेथे १९३० साली त्याने मूकपटांच्या काळातील नामवंत निर्माते जे. स्टुअर्ट ब्लॅकटन यांच्या मुलीशी विवाह केला. हा संसार काही महिनेच टिकला. १९३३ मध्ये विवाह कायद्याने रद्दबातल ठरला. या अपयशाच्या कारणांविषयी, विशेषतः त्याच्या लैंगिकतेविषयी, चरित्रकारांनी पुष्कळ तर्क लढवले आहेत. त्यांत एकवाक्यता नाही आणि पुरावाही तुटपुंजा आहे. तो आईकडे परत आला, एवढे मात्र निश्चित.

आणि तो परतला तो कायमचाच. ब्रॉडवे आणि १०३ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरील हॉटेल मार्सेयमध्ये मायलेकांनी बिऱ्हाड केले आणि १९५७ साली आईचा मृत्यू होईपर्यंत ते तेथेच, एकमेकांच्या सोबतीत आणि बहुधा एकमेकांच्या कैदेत राहिले. या माणसाने आपली एक कादंबरी चक्क एका हॉटेलातील खोलीला अर्पण केली आहे आणि आता आपण त्या खोलीत नाही याबद्दल कृतज्ञताही व्यक्त केली आहे. अर्पणपत्रिकेतला हा विनोद हसवता हसवता चटका लावून जातो.

दरम्यान १९२९ ची महामंदी कोसळली होती. जॅझयुगाचे कौतुक ओसरले आणि त्याबरोबर वुलरिचची मागणीही. हाती असलेली कादंबरी त्याने फेकून दिली. १९३४ मध्ये 'डिटेक्टिव्ह फिक्शन वीकली' या साप्ताहिकात त्याची पहिली गुन्हेकथा छापून आली. तिच्यात दंतवैद्याच्या खुर्चीवर बसलेल्या रुग्णाचा मृत्यू होतो. स्वस्त, खरखरीत कागदावर छापली जाणारी ही पल्प मासिके लेखकाला शब्दामागे एखाददुसरा सेंट देत. पोट भरायचे तर भरमसाट लिहिणे भाग होते. पुढच्या काही वर्षांत त्याने शेकडो पाने लिहून काढली. त्याच्या कथांची एकूण संख्या दोनशेच्या पुढे जाते. अभिजात साहित्यिक होण्याचे स्वप्न मोडले होते. पण जे त्याला ठाऊक होते ते त्या मासिकांतच सांगता येणार होते. खिशात दमडी नसलेल्या माणसाला शहर कसे दिसते, जिन्यावर पाऊल वाजले की काळजात काय होते, दाराखालच्या फटीतून येणारा उजेड किती भयंकर असू शकतो, हे त्याच्याइतके क्वचितच कोणी लिहिले असेल.

१९४० ते १९४८ हा त्याचा बहराचा काळ. 'ब्राइड'नंतर शीर्षकात काळा रंग मिरवणाऱ्या आणखी पाच कादंबऱ्या आल्या. एक नाव पुरेना म्हणून विल्यम आयरिश आणि जॉर्ज हॉपली ही टोपणनावेही त्याने घेतली. सुडाचा विषय पुन्हा उचलला तो १९४८ च्या 'रांदेव्हू इन ब्लॅक'मध्ये. येथे नायक एक साधासुधा तरुण आहे. कमी उंचीवरून जाणाऱ्या खासगी विमानातून कोणीतरी बेपर्वाईने भिरकावलेली बाटली डोक्यात पडून त्याची वाग्दत्त वधू ठार होते. त्या विमानात असलेल्या प्रत्येक पुरुषाची सर्वांत लाडकी स्त्री तो हिरावून घेऊ लागतो आणि तीही दरवर्षी ३१ मे या एकाच तारखेला. बाटली कोणी टाकली हे त्याला ठाऊक नाही, आणि शोधण्याची त्याला गरजही वाटत नाही. आपल्याला जे दुःख झाले ते त्यांना कळले पाहिजे, एवढाच त्याचा हट्ट.

वुलरिचच्या मोठेपणाचे मर्म मला येथे दिसते. सूडकथा वाचताना वाचकाला न्यायाचे समाधान हवे असते. वुलरिच ते देत नाही. आपल्या वधूच्या बाजूने तो आपल्याला उभे करतो आणि त्याच वेळी तिच्या सावजांनाही माणूस म्हणून उभे करतो. अडगळीत गुदमरणारा बाप आणि वर निजलेले त्याचे पोर यांना विसरून ज्युलीच्या विजयाचा आनंद मानता येत नाही. तिचे खरे भांडण आहे ते नशिबाशी. एका क्षणात सर्वस्व गेले, आणि नशिबाला गळा नसतो, म्हणून ती सापडेल त्याचा गळा धरते. हे सारे लिहिणारा माणूस तंत्राच्या बाबतीत निर्दोष होता असे नव्हे. त्याच्या कथानकांत योगायोगांची खैरात आहे, काही ठिकाणी तर्काला इतकी भोके पडली आहेत की सावकाश वाचणाऱ्याला हसू यावे. भाषाही पुष्कळदा उतू जाते. पण सावकाश वाचण्याची सवड तो देतच नाही.

त्याच १९४८ साली आलेल्या 'आय मॅरीड अ डेड मॅन' या कादंबरीशी आपले नाते अधिक जवळचे आहे. प्रियकराने टाकून दिलेली एक गरोदर तरुणी रेल्वेच्या अपघातात सापडते. सोबतची नवविवाहिता त्यात दगावते आणि तिच्या सासरचे लोक, ज्यांनी सुनेला कधी पाहिलेले नाही, याच तरुणीला आपली सून समजतात. येथवर वाचताच अनेकांच्या ओठांवर 'कटी पतंग' हे नाव आले असेल. मुंबईत शक्ती सामंतांनी केलेला हा चित्रपट गुलशन नंदा यांच्या कादंबरीवर आधारलेला होता आणि तिची मूळ कल्पना वुलरिचची. पांढऱ्या साडीतल्या आशा पारेखना या भूमिकेसाठी फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. मात्र हिंदी चित्रपटात माधवीचे भूतकाळाचे ओझे उतरते आणि तिला प्रेम लाभते. वुलरिचने हे होऊ दिले नव्हते. त्याच्या कादंबरीत तिला छळणाऱ्या पूर्वीच्या प्रियकराचा खून होतो. तो आपण केलेला नाही हे पती आणि पत्नी दोघांनाही ठाऊक आहे, म्हणजेच दुसऱ्याने केला असला पाहिजे. हा संशय घेऊन त्यांना एकाच सुंदर घरात राहायचे आहे.

चित्रपटसृष्टीने त्याला भरभरून वापरले. रॉबर्ट सिओडमाक, जॅक टुर्नर अशा दिग्दर्शकांनी चाळीसच्या दशकात त्याच्या कथा पडद्यावर आणल्या. १९४२ साली छापून आलेल्या एका कथेत खोलीबाहेर पडता न येणारा माणूस खिडकीतून समोरची घरे न्याहाळत बसतो आणि त्याला खुनाचा सुगावा लागतो. हॉटेलच्या खोलीत आयुष्य काढणाऱ्यालाच अशी कथा सुचावी. आल्फ्रेड हिचकॉकने तिच्यावर १९५४ मध्ये 'रिअर विंडो' काढला. न्यूयॉर्कमधील पहिल्या खेळाचे साधे तिकीटही हिचकॉकने आपल्याला धाडले नाही, अशी खंत वुलरिचने उतारवयात बोलून दाखवली होती असे सांगतात.

आई गेली आणि त्याची लेखणी जवळजवळ थांबली. हॉटेले बदलली, पण खोलीतला एकटेपणा तोच राहिला. मद्यपान वाढले, मधुमेहाने शरीर पोखरले. पायाला झालेल्या जखमेकडे त्याने इतके दुर्लक्ष केले की कोथ होऊन १९६८ च्या आरंभी तो पाय कापावा लागला. त्याच वर्षी फ्रान्स्वा त्रुफोने जान मोरो या अभिनेत्रीला घेऊन केलेला 'ब्राइड'वरचा चित्रपट न्यूयॉर्कमध्ये दाखवला गेला. वुलरिच त्याच शहरात होता, पण तो गेला नाही. त्रुफोने कादंबरीचा शेवट बदलला होता. चित्रपटात मरणारे पुरुष त्या मृत्यूला खरोखरच कारणीभूत असतात, आणि त्यामुळे सूड निदान योग्य पत्त्यावर पोहोचतो. २५ सप्टेंबर १९६८ रोजी वुलरिचचा मृत्यू झाला. अंत्यविधीला मोजकीच माणसे होती. हार्ट्सडेल येथील फर्नक्लिफ दफनभूमीत आईच्या शेजारीच त्याला ठेवण्यात आले.

मृत्यूनंतर कळले की हा माणूस निर्धन नव्हता. सुमारे साडेआठ लाख डॉलरची मालमत्ता त्याने अर्धवट सोडलेल्या त्याच कोलंबिया विद्यापीठाला दिली होती. लेखन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यातून आईच्या स्मरणार्थ शिष्यवृत्त्या द्यायच्या होत्या. हयातीत मात्र त्याने 'रिअर विंडो'च्या मूळ कथेसह सहा कथांचे चित्रपटहक्क १९४५ साली अवघ्या ९,२५० डॉलरना विकून टाकले होते. स्वामित्वहक्काच्या नूतनीकरणाची वेळ येण्याआधीच तो वारला. मग त्याच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या बँकेने नूतनीकरण करून ते हक्क ६५० डॉलर आणि उत्पन्नाचा दहावा हिस्सा एवढ्या बोलीवर शेल्डन अबेंड नावाच्या प्रतिनिधीला दिले. अबेंडने हिचकॉकच्या वारसांना आणि नायक जेम्स स्टुअर्टला न्यायालयात खेचले. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९९० साली निकाल अबेंडच्या बाजूने लागला. लेखक नूतनीकरणापूर्वी मरण पावला तर पूर्वीच्या करारातील वचन वारसांना बांधील नसते, हे त्या खटल्याने पक्के केले.

दुसऱ्या वर्षी, १९९१ मध्ये, वुलरिचचे अपुरे आत्मकथन पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्यातील पहिल्या प्रकरणाचे शीर्षक म्हणजे एका टंकलेखन यंत्राचे नाव आणि त्याचा अनुक्रमांक आहे.