शाळांचा कारभारी : होरेस मॅन

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी थोरली बहीण घरी आली होती. एका आडगावच्या शाळेत ती शिक्षणसेविका आहे. शाळेला भिंतीएवढा टीव्ही संच मिळाला, पण त्याच भिंतीवरचे गळके छप्पर निधीअभावी तसेच राहिले, हे ती हसत हसत सांगत होती. त्या हसण्यामागचा थकवा मात्र माझ्या नजरेतून सुटला नाही. सुट्टीनंतर महाविद्यालयाच्या ग्रंथालयात शिक्षणाचा इतिहास चाळताना मला होरेस मॅन भेटले. पैसा अपुरा, साधने नवी आणि शिक्षक अप्रशिक्षित, अशा स्थितीत त्यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या शाळांचा गाडा बारा वर्षे ओढला. ताईला सांगण्यासाठी त्यांचे चरित्र वाचले; आता आपणांसही सांगते.

मॅन यांचा जन्म ४ मे १७९६ रोजी फ्रँकलिन या गावी, एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. शेतीची कामे आणि टोप्यांसाठी गवताच्या काड्यांच्या वेण्या विणणे यांत बालपण गेले. वर्षाकाठी जेमतेम दहा आठवडे शाळा मिळे. तेराव्या वर्षी पितृछत्र हरपले. ज्यांच्या नावावरून गावाचे नाव पडले त्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी गावाला पुस्तके भेट दिली होती. तो लहानसा ग्रंथसंग्रह हीच या मुलाची खरी शाळा. पुढे १८१९ मध्ये ते ब्राऊन विद्यापीठाचे पदवीधर झाले, वकील झाले आणि १८३६ मध्ये राज्याच्या सिनेटचे अध्यक्षही झाले.

१८३७ साली राज्याने शिक्षण मंडळ स्थापन केले व त्याचे सचिवपद मॅन यांना देऊ केले. चालती वकिली आणि राजकारणातले उज्ज्वल भवितव्य सोडून त्यांनी ते स्वीकारले. या पदाला अधिकार असा नव्हताच. शाळा उघडता येत नव्हती, की शिक्षक नेमता येत नव्हता. गावोगावी लहान लहान शाळा-विभाग होते. प्रत्येक विभाग आपली शाळा आपल्या ऐपतीने, बहुधा कंजूषपणानेच, चालवी. माहिती गोळा करावी आणि लोकांना पटवावे, एवढेच सचिवाच्या हाती. त्यातच त्या वर्षी देशावर मोठे आर्थिक संकट कोसळले होते.

मॅन घोड्यावर बसून राज्यभर फिरले. गळकी, अंधारी शाळागृहे त्यांनी पाहिली. पाठ टेकायला आधार नसलेल्या बाकांवर मुले पाय लोंबकळत ठेवून बसत. एकाच वर्गात प्रत्येकाचे पुस्तक निराळे. फळा हे तेव्हाचे नवे साधन पुष्कळ शाळांत पोचलेच नव्हते. मॅन यांनी उजेड, हवा, बाकांची उंची यांवर सविस्तर अहवाल लिहिला, फळ्याचा आणि शालेय ग्रंथालयांचा पुरस्कार केला. पण फळा टांगला म्हणजे शिकवणे झाले, असे त्यांनी मानले नाही. फळ्यापुढे उभे राहणाऱ्याला आधी शिकवले पाहिजे, हे त्यांनी ओळखले.

एडमंड ड्वाइट या उद्योगपतीने दहा हजार डॉलर दिले, राज्याने तेवढीच भर घातली आणि ३ जुलै १८३९ रोजी लेक्सिंग्टन येथे शिक्षकांसाठी पहिले सरकारी अध्यापक विद्यालय सुरू झाले. पहिल्या दिवशी विद्यार्थिनी आल्या अवघ्या तीन! मुलींच्या राहण्याची सोय करण्यासाठी मॅन यांनी आपली कायद्याची पुस्तके विकली.

आणि लगेच घाव पडला. मार्कस मॉर्टन केवळ एका मताच्या बहुमताने राज्यपाल झाले आणि १८४० साली काटकसरीचे वारे वाहू लागले. शिक्षण मंडळ आणि अध्यापक विद्यालये दोन्ही बंद करावीत, अशी शिफारस विधिमंडळाच्या समितीने केली. मतदान झाले. बंद करण्याच्या बाजूने १८२, विरुद्ध २४५. मंडळ तरले.

निसटता विजय मिळाला म्हणून मॅन स्वस्थ बसले नाहीत. राज्यात कापडगिरण्या वाढत होत्या, यंत्रयुग येत होते. पाचव्या वार्षिक अहवालासाठी त्यांनी गिरणीमालकांना प्रश्न पाठवून शिकलेला आणि न शिकलेला कामगार यांच्या कामाची तुलना मागवली. शिकलेला कामगार यंत्रावर अधिक व चांगले काम करतो, हे त्यांनी व्यापाऱ्याच्याच भाषेत व्यापाऱ्याला पटवले. एकदा पिट्सफिल्ड येथे शिक्षकांच्या शिबिरासाठी शाळा झाडलेलीही नव्हती, तेव्हा त्यांनी आणि राज्यपाल ब्रिग्ज यांनी स्वतः झाडू हाती घेतला!

त्यांचे सारेच मला पटले असे नाही. बॉस्टनच्या ३१ शिक्षकांशी त्यांचा कडाक्याचा वाद झाला. १८४५ मध्ये त्यांच्या मित्रांनी त्याच शहरात तोंडी परीक्षेऐवजी छापील प्रश्नपत्रिका आणली; मुलांना सुमारे तीस टक्केच उत्तरे आली आणि शिक्षकांची नाचक्की झाली. मापण्याचे साधन मारण्याचे हत्यार कसे बनते, हे परीक्षेच्या दिवसांत आपणां विद्यार्थ्यांना कोणी वेगळे सांगायला नको. शिवाय स्त्रियांना शिक्षिका करण्याचा त्यांचा आग्रह उदात्त होता खरा. पण त्या कमी पगारात मिळत, हाही हिशेब त्यात होता. काटकसरीचा भार अखेर कोणाच्या पदरात पडतो, हे वाचताना मला ताई आठवली.

१८४८ मध्ये त्यांनी पद सोडले, तेव्हा शाळांवरचा सार्वजनिक खर्च दुपटीहून अधिक झाला होता, शाळेचे वर्ष महिन्याने वाढले होते आणि सुमारे पन्नास नवी हायस्कुले उभी होती. शिक्षकांचे पगारही वाढले होते; शिक्षिकांचे सुमारे निम्म्याने.

पुढे काही काळ संसदेत काढून ते ओहायोतील अँटिऑक कॉलेजचे पहिले अध्यक्ष झाले. तिथे रिबेका पेनेल या प्राध्यापिकेला पुरुष सहकाऱ्यांइतकाच दर्जा आणि वेतन मिळाले. ती त्यांची भाची, लेक्सिंग्टनच्या अध्यापक विद्यालयात शिकलेली. जुन्या हिशेबातली चूक त्यांनी अशी थोडी तरी दुरुस्त केली, असे मला वाटते. कॉलेज कर्जात बुडाले होते आणि ते सावरता सावरता मॅन थकले. २ ऑगस्ट १८५९ रोजी त्यांचे निधन झाले.

हे सारे मी ताईला पत्राने कळवले. तिचे उत्तर दोनच ओळींचे आले. छप्पर अजून गळतेच आहे. पण फळ्याला तिने स्वतः काळा रंग दिला आहे. होरेस मॅन यांच्या अनुयायांच्या यादीत मी तिचे नाव मनोमन लिहून टाकले.