पाठभेद जपणारा माणूस

रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवणला, महसूल खात्यातल्या एका कारकुनाच्या घरी झाला. पुण्यात त्यांच्या नावाचा रस्ता आहे, संस्था आहे; पण नंतरच्या पिढीतल्या पुष्कळांना हे नाव माहीत झाले ते ५ जानेवारी २००४ च्या घटनेमुळे. त्या दिवशी संभाजी ब्रिगेडच्या नावाने आलेला दीडशेच्या आसपास माणसांचा जमाव भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात घुसला. कपाटे फोडली गेली, पोथ्या आणि पुस्तके जमिनीवर विखुरली. त्या दिवशी नेमके काय मोडले हे समजून घ्यायचे, तर आधी भांडारकरांचे आयुष्य पाहावे लागेल, असे मला वाटते.

मुंबई विद्यापीठाची पहिली पदवी परीक्षा १८६२ साली झाली. तीत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या तरुणांत न्यायमूर्ती रानड्यांच्या बरोबरीने भांडारकर होते. पुढे सिंधमधल्या हैदराबादेत आणि रत्नागिरीत मुख्याध्यापकी, मग एल्फिन्स्टन कॉलेज आणि १८८२ ते १८९३ डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक. त्यांच्या संस्कृतच्या पाठ्यपुस्तकांवर आपल्या कित्येक पिढ्या शिकल्या. परंतु त्यांचे खरे काम वर्गाबाहेरचे होते. मुंबई सरकारने १८६८ पासून हस्तलिखितांचा शोध चालवला होता. बूलर आणि कीलहॉर्न या जर्मन पंडितांनंतर ते काम भांडारकरांनी अंगावर घेतले. गुजरात, राजपुताना, जैनांची बंदिस्त ग्रंथभांडारे, पिढ्यान्‌पिढ्या माळ्यावर पडलेली बाडे असा तो शोध होता. पोथी मिळाली की ती कोणी, कधी, कुठे लिहिली याची नोंद करायची, आणि अहवाल छापून ती माहिती सगळ्यांना खुली करायची. लपवलेल्या विद्येला ते विद्या मानीत नसत, असे त्यांच्या एकूण वागण्यावरून म्हणता येते.

शिलालेख, ताम्रपट आणि नाणी यांच्या आधारे त्यांनी १८८४ साली दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिला. सातवाहन, चालुक्य, राष्ट्रकूट, यादव यांचा जो क्रम आपण आज शाळेत सहज पाठ करतो, तो आधी कुणीतरी पुराव्यानिशी लावावा लागला होता. महाराष्ट्राच्या अभिमानाला सनावळीचा पाया मिळाला तो अशा माणसांमुळे.

हा माणूस सर्वांना प्रिय होता असे मात्र नव्हे. प्रार्थना समाजाचे ते आधारस्तंभ. १८९१ साली त्यांनी आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह केला. त्याच वर्षी संमतिवयाच्या कायद्यावरून पुणे पेटले, तेव्हा ते टिळकांच्या विरुद्ध बाजूला उभे राहिले. सुधारकांच्या सभा उधळल्या जाण्याचा तो काळ. तरीही भांडारकर आणि टिळक यांच्यातला वाद चालला तो धर्मशास्त्राच्या वचनांचा अर्थ लावण्याचा. एकाने ग्रंथ पुढे ठेवावा, दुसऱ्याने त्याला ग्रंथानेच उत्तर द्यावे. वैर पुरेपूर होते, पण ग्रंथ दोघांनाही हवे होते.

त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, संस्थेची स्थापना झाली. भांडारकरांनी आपला ग्रंथसंग्रह तिला दिला. डेक्कन कॉलेजातली सरकारी हस्तलिखितेही लवकरच तिथे आली. १९१९ साली त्यांच्या हस्ते महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आरंभ झाला. २४ ऑगस्ट १९२५ रोजी ते वारले; काम पुढे सुकथनकर, बेलवलकर, वैद्य यांनी चालवले आणि १९६६ साली ते पूर्ण झाले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते पाहिली गेली. या आवृत्तीची मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट म्हणजे तिच्या तळटीपा. जो पाठ संपादकांनी नाकारला, तोही फेकून दिला नाही. पानाच्या तळाशी, कोणत्या पोथीत सापडतो त्या खुणेसह, छापून ठेवला. उद्या कुणाला संपादकाचा निर्णय चुकीचा वाटला, तर त्याला दाद मागायची सोय हवी.

मी उमेदीची वर्षे बँकेत खतावण्या ताडून पाहण्यात घालवली, म्हणून या शिस्तीची किंमत मला थोडीफार कळते. ताळा जमत नाही म्हणून नको असलेले व्हाउचर फाडून टाकता येत नाही. ते जपून ठेवावे लागते, कारण चूक त्याच्याच आधारे सापडते.

आता २००४ कडे पाहू. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील इंग्रजी पुस्तकातल्या मजकुराने महाराष्ट्र दुखावला होता, आणि ते दुखणे खोटे नव्हते. लेखकाने पुस्तकात संस्थेचे आभार मानले होते, एवढाच तिचा संबंध. ग्रंथालय वाचकाला पुस्तक देते. वाचक पुढे काय लिहील याला ते जामीन राहत नाही. शिवाय त्या पुस्तकाला महाराष्ट्रातल्या इतिहासाच्या अभ्यासकांनी आधीच लेखी आक्षेप घेतला होता, आणि प्रकाशकाने नोव्हेंबर २००३ मध्येच ते भारतातून मागे घेतले होते. म्हणजे जे पत्राने साधले होते, त्यासाठी दीड महिन्यानंतर कपाटे फोडली गेली. पुढे २०१७ साली न्यायालयाने आरोपींची निर्दोष मुक्तता केली. म्हणजे कपाटे फुटली हे सर्वांनी पाहिले. ती कुणी फोडली हे कायद्याच्या दप्तरात कोरेच राहिले.

संस्था मात्र उभी राहिली. पुष्कळ माणसे मदतीला गेली, विस्कटलेली पाने लावत बसली. २००७ साली तिथल्या ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांची नोंद युनेस्कोने जगाच्या स्मृतिठेव्यात केली. पण मला काळजी वाटते ती कागदाची नाही. फाटलेले पान चिकटवता येते. ग्रंथपालाच्या मनात एकदा भीती बसली, की समोरच्याला पोथी द्यावी की न द्यावी, हा काय लिहील, उद्या आपल्या दारात कोण येईल, असे प्रश्न त्याला पडू लागतात. मग ग्रंथ शाबूत राहतात आणि दार बंद होते. माळ्यावरची बाडे खाली आणून सर्वांसाठी खुली करण्यात भांडारकरांचे आयुष्य गेले. ती पुन्हा माळ्यावर जाऊ न देणे एवढेच आपल्या हाती आहे, आणि त्यासाठी पंडित असण्याची गरज नाही.