विश्लेषण : ताशी ८९ किमी धावणारी जुनी बाइक २९६ वर कशी पोहोचली? बर्ट मन्रो यांनी गॅरेजमध्ये घडवलेल्या कॅम आणि सिलिंडर हेडची गोष्ट

‘द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन’ हा २००५ चा सिनेमा पाहिला असेल तर अँथनी हॉपकिन्स यांनी रंगवलेला न्यूझीलंडचा म्हातारा, मिठाचे पांढरेशुभ्र मैदान आणि माशाच्या आकाराची बाइक आठवत असेल. तो म्हातारा म्हणजे बर्ट मन्रो. सिनेमा सुंदर आहे, पण मन्रो यांच्या अनेक अमेरिकावाऱ्या त्यात एकाच प्रवासात बसवल्या आहेत. शिवाय चाळीस वर्षे इंजिनच्या आत जे काम चालू होते ते पडद्यावर फारसे दिसत नाही. खरी गोष्ट तिथेच आहे.

आधी नावाचा घोळ

बाइकच्या नावातील ‘इंडियन’चा भारताशी संबंध नाही. इंडियन ही अमेरिकेतील स्प्रिंगफील्डची जुनी मोटारसायकल कंपनी. मन्रो यांच्याही नावाचे स्पेलिंग मूळचे वेगळे होते. एका अमेरिकी मासिकाने ते १९५७ मध्ये चुकीचे छापले आणि त्यांनी तेच स्वीकारले. मराठीत लिहिताना दोन्ही ‘बर्ट’च, त्यामुळे आपली अडचण होत नाही.

मन्रो यांचा जन्म २५ मार्च १८९९ चा, न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला असलेल्या इन्व्हरकार्गिलचा. १९२० मध्ये त्यांनी नवी इंडियन स्काउट घेतली. ६०० सीसीचे व्ही-ट्विन इंजिन आणि ताशी साधारण ८९ किमीचा सर्वोच्च वेग. तेव्हा हे ठीकठाकच होते. १९२६ पासून त्यांनी ती खोलायला सुरुवात केली.

कॅम बदलून होते काय?

इंजिनची ताकद पेट्रोलवर ठरते असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात अडते ते हवेवर. पेट्रोल जास्त सोडता येते, पण ते जाळायला तितकी हवाही आत यावी लागते. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर पिस्टनला हवा आत ओढण्याच्या एका स्ट्रोकसाठी जेमतेम ५ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात व्हॉल्व्ह उघडायचा, मिश्रण आत घ्यायचे आणि व्हॉल्व्ह बंद करायचा.

व्हॉल्व्ह किती उघडेल, किती वेळ उघडा राहील आणि केव्हा मिटेल हे कॅम ठरवतो. कॅम म्हणजे फिरणारा, एका बाजूला फुगवटा असलेला लोखंडी तुकडा. फुगवटा उंच केला तर व्हॉल्व्ह जास्त उघडतो, रुंद केला तर जास्त वेळ उघडा राहतो. वरच्या वेगात इंजिन मोकळा श्वास घेते, पण कमी वेगात अडखळते, गुदमरते. रोज ऑफिसला जाणाऱ्याला असा कॅम नकोसा वाटेल. मन्रो यांना फक्त वरचा वेग हवा होता.

मूळ स्काउटमध्ये चार व्हॉल्व्हसाठी दोनच कॅम होते. म्हणजे दोन व्हॉल्व्हना एका कॅमवर भागवावे लागे, आणि हवा आत घेणारा व धूर बाहेर टाकणारा व्हॉल्व्ह यांच्या गरजा वेगळ्या असतात. मन्रो यांनी चार कॅमची रचना केली. आता प्रत्येक व्हॉल्व्हची वेळ स्वतंत्रपणे ठरवता येऊ लागली. आज हा आकार संगणकावर काढून सीएनसी यंत्रावर कापतात. मन्रो हे काम हाताने करत, चूक झाली की पुन्हा करत. इंजिनीअरिंगच्या वर्कशॉपमध्ये एक चौकोनी तुकडा काटकोनात घासताना ज्यांचा घाम निघाला आहे, त्यांना यातला चिवटपणा कळेल.

सिलिंडर हेडचे काय?

हा बदल कॅमपेक्षाही मोठा होता. स्काउटचे इंजिन साइड व्हॉल्व्ह पद्धतीचे. त्यात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी असतात. मिश्रण आधी वर चढते, मग वळून पिस्टनवर येते. ज्वलनाची जागाही बाजूला पसरट होते, त्यामुळे मिश्रण एका मर्यादेपलीकडे दाबता येत नाही. अशा इंजिनला कितीही चांगला कॅम द्या, वाटच वाकडी असेल तर हवा येणार किती?

मन्रो यांनी स्वतः नवे हेड बनवून व्हॉल्व्ह थेट पिस्टनच्या डोक्यावर नेले. यालाच ओव्हरहेड व्हॉल्व्ह म्हणतात. वाट सरळ झाली, ज्वलनाची जागा आटोपशीर झाली. इंजिनचा आकारही वाढवत नेला, आधी ८५० सीसी आणि शेवटी ९५० सीसी.

पण ताकद वाढली की ती पुढचा कमकुवत भाग शोधून काढते. पिस्टन फुटले, कनेक्टिंग रॉड तुटले. बाजारात चालतील असे सुटे भाग नव्हते आणि असते तरी पैसे नव्हते. मन्रो यांनी धातू वितळवून जुन्या डब्यांत पिस्टन ओतले. ट्रॅक्टरच्या एक्सलच्या पोलादातून कनेक्टिंग रॉड कोरून काढले. मोजमापाला चाकाचा जुना स्पोक वापरला. फुटलेले भाग फेकले मात्र नाहीत. गॅरेजमधील फळीवर ते मांडून ठेवले आणि वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य असे त्याला नाव दिले.

याची किंमत काय होती?

मन्रो मोटारसायकली विकण्याची नोकरी करत. अनेकदा रात्रभर गॅरेजमध्ये काम करून सकाळी तसेच कामावर जात. १९२७ मध्ये लग्न झाले, चार मुले झाली. १९४७ मध्ये घटस्फोट झाला. त्यानंतर नोकरीही सोडून ते गॅरेजमध्येच राहू लागले. सिनेमात हे एकटेपण गोड वाटते. चार मुलांच्या घरात ते तसे वाटले असेल, असे मानणे अवघड आहे.

अपघातही कमी झाले नाहीत. १९५९ मध्ये ताशी पावणेदोनशे किमीच्या आसपास वेगात पडल्याने अंगाची कातडी सोलवटली.

बोनेव्हिलमध्ये काय घडले?

हवेचा विरोध पार करायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ८९ वरून २९५ म्हणजे वेग सव्वातीन पटींहून थोडा जास्त, पण त्याच उघड्या बाइकला त्यासाठी सुमारे ३६ पट ताकद लागेल. एवढी ताकद एकट्या कॅम आणि हेडमधून मिळणे शक्य नव्हते. म्हणून बाइकभोवती निमुळते कवच आले, आणि मन्रो त्यात जवळपास आडवे होऊन बसत.

अमेरिकेतील युटा राज्यात बोनेव्हिलचे मिठाचे मैदान आहे. तिथे १९६२ मध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी, त्यांनी ताशी २८८ किमीचा वर्गविक्रम केला. इंजिन तेव्हा ८५० सीसीचे होते. १९६६ मध्ये १००० सीसी गटात ताशी २७० किमीचा विक्रम झाला. १९६७ मध्ये ९५० सीसीच्या इंजिनवर त्यांनी त्याच गटात ताशी २९५.४५ किमीची नोंद केली. पात्रता फेरीत एका दिशेने तर ३०५ ओलांडले होते. वय ६८, इंजिनचा मूळ सांगाडा ४७ वर्षांचा.

१९७७ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. बाइक त्यांनी इन्व्हरकार्गिलमधील हार्डवेअर दुकानदार नॉर्मन हेज यांना विकल्या. ६ जानेवारी १९७८ रोजी मन्रो यांचे निधन झाले.

१९६७ च्या नोंदीत गणिताची चूक असल्याचे पुढे त्यांचे चिरंजीव जॉन यांच्या लक्षात आले. अमेरिकन मोटरसायक्लिस्ट असोसिएशनने २०१४ मध्ये ती दुरुस्त केली. आता अधिकृत आकडा ताशी २९६.२६ किमी आहे.